तळमजला

निलोफर, जागा तळमजल्यावरच घे.
भाडं चार हजारांनी जास्त पडेल, पडू दे.
राजारामपुरीत लिफ्टवाली मिळतेय म्हणतेस,
पण लिफ्टपर्यंतच आठ पायऱ्या आहेत, मी मोजून आले.
आपल्याकडे येणारा माणूस
आठ पायऱ्या चढू शकला असता
तर आला नसता.

पाटीवर पोडिआट्रिस्ट लिहू नको.
मी लिहिलं होतं. पहिल्या महिन्यात तिघं आली,
त्यातली दोघं कडेवर तापलेलं पोर घेऊन.
आता नुसतं आहे, पायाचा दवाखाना.

फीचं विचारलंस.
पहिल्या भेटीला तीनशे, आणि खाली बघून मागू नको.
गुऱ्हाळवाला पैशाऐवजी ढेप आणून ठेवेल टेबलावर,
साखरेनं बधिर झालेले पाय, आणि हातात गूळ.
ढेप घे. बायकोला आत बोलाव.
ऐकणारी तीच असते.
बोट काळं दिसलं तर मात्र शूर होऊ नको,
त्याच दिवशी सीपीआरला धाड, रिक्षाचे पैसे तू दे.

आणि चपला बाहेर काढून ठेवू देऊ नको.
उंबऱ्यापाशी काढायची सवय आहे सगळ्यांना,
तू म्हण, हातात घेऊन या.
आधी चप्पल वाचायची, मग पाय.
टाच कुठल्या अंगानं झिजलीय,
अंगठा कुठं रुतून बसलाय,
माणूस सांगत नाही ते कातडं सांगतं.

एकदा एका मास्तरांच्या बुटात
मला नातवाची गोटी सापडली.
तीन दिवस चालत होते तिच्यावर,
रोज रंकाळ्याला एक फेरी.
तळहातावर धरून दाखवली तेव्हा ते हसले, म्हणाले,
तरीच पोरगं घरभर शोधतंय.
मला हसता आलं नाही.
केसपेपरवर लिहिलं, उजवा पाय, गोटी, निळी.

केसपेपर लिहीत जा, कितीही दमलीस तरी.
फोटो काढ, जखमेशेजारी पट्टी ठेवून, तारखेसकट.
जखम लक्षात राहिल्यासारखी वाटते, राहत नाही.

एसी नंतर. आधी ऑटोक्लेव्ह.
निपरचे दोन सेट पुरतील असं दुकानदार म्हणेल,
सहा घे.
मी पेशंटच्या खुर्चीला चाळीस हजार घातले
आणि स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर बसले अठरा वर्षं.
कमरेचा चौथा मणका आता त्याचं व्याज मागतोय.

तालमीतली पोरं येतील, नख मांसात घुसलेली.
शंभर किलोचा गडी सुई बघून आईला हाक मारतो,
बाहेर कुणाला सांगायचं नाही.
उधारी राहिली तर वस्तादांना निरोप दे, पुढच्याच दिवशी येते.

सुभाषनगरात मारुती सातपुते आहेत.
मी कागदावर पाऊल उमटवून पाठवते,
ते बघूनच म्हणतात, हा माणूस डावीकडं कलतोय.
मऊ तळ त्यांच्याकडूनच करून घे.
कमिशन देऊ नको, घेऊ नको.
चिठ्ठीवर त्यांचं नाव लिही,
आपल्या नावाखाली नव्हे, शेजारी.

एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.
म्हातारी माणसं पाय आखडून घेतात.
नको गं बाई, तू कशाला पायाला हात लावतीस,
पाप लागंल मला.
आधी मी समजावत बसायचे, हे माझं काम आहे म्हणून.
आता कोमट पाण्याचं घमेलं पुढं सरकवते
आणि गप्प बसते.
कधी पाच मिनिटं लागतात, कधी पाऊण तास.
बाहेरची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

उद्घाटनाला हार-नारळ घेऊन कुणीही येईल.
मी दुसऱ्या दिवशी येते, सकाळी, चपला हातात घेऊन.
डावी टाच सहा महिने दुखतेय,
कुणाला दाखवली नाही.
तीनशे सांग मला.
मी घासाघीस करणार आहे,
तू ऐकू नको.